मोठीला आधी : महालक्ष्म्या उभ्या करायची आमच्या घरची रीत

आमच्या घरी महालक्ष्म्यांना साड्या मी नेसवतो. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे ब्रेक आणि क्लच जुळवण्यात गेली, साडीशी माझा संबंध वाळत घालण्यापुरता. पण २०११ साली बायकोच्या बोटांना संधिवातानं धरलं, निऱ्या हातात राहीनात, आणि सून अजून घरात यायची होती. आवाहनाच्या दुपारी ही खुर्चीवर बसून सांगत होती आणि मी करत होतो. दोघींतल्या मोठीच्या, म्हणजे ज्येष्ठेच्या, निऱ्या पोटावर यायच्या त्या डाव्या कुशीवर गेल्या. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या, बघितलं, बोलल्या काहीच नाहीत, जाताना नुसत्या हसल्या. आता त्याच काकू आदल्या दिवशी निरोप धाडतात, भाऊजींना जरा पाठवा म्हणून. परभणीत आमच्या गल्लीतल्या तीन घरांत माझा हात लागतो.

यंदा पुण्याच्या भाचीचा फोन आला. तिच्या सासूबाई थकल्या, मुखवटे आता तिच्या फ्लॅटवर आले. "मामा, फोनवर सांगू नका, लिहून द्या. ऐकलेलं सगळं विसरते मी." तिला लिहून दिलं तेच थोडं वाढवून देतो आहे. एक आधीच सांगतो. कुळाचार घरागणिक बदलतो. माझं सांगणं आणि तुमच्या सासूबाईंचं सांगणं यांत फरक पडला तर सासूबाईंचं धरा, माझं सोडा. फक्त स्टँडच्या नटबोल्टाच्या बाबतीत माझं ऐका.

नाव आधी. मराठवाड्यात, विदर्भात आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. पुण्याकडं गौरी. कोकणात कुठं पाणवठ्यावरून खडे आणून त्यांची पूजा, कुठं तेरड्याची रोपं मुळासकट आणून त्यांनाच गौर मानायचं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ना, गौरीही तीनच दिवस राहते. मुखवट्याच्या उभ्या महालक्ष्म्या हा आमच्याकडचा प्रकार, आणि सगळी खटपट त्यातच आहे.

दिवस कसा काढायचा

गणपतीला चतुर्थी ठरलेली. महालक्ष्म्या मात्र तिथी बघत नाहीत, नक्षत्र बघतात. भाद्रपद शुद्ध पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठात असताना पूजन, मूळात असताना विसर्जन. त्यामुळं गणपतीपासून दिवस मोजू नका. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि महालक्ष्म्या १० तारखेला आल्या, म्हणजे चौथ्या दिवशी. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आणि आवाहन ३१ ला, म्हणजे पाचव्या दिवशी. पंचांगात अनुराधा किती वाजेपर्यंत आहे तेवढं बघायचं आणि त्याच्या आत देवी घरात घ्यायची. नक्षत्र दुपारीच संपत असेल तर सगळं सकाळवर येतं. म्हणून साड्यांच्या निऱ्या आदल्या रात्रीच घालून ठेवायच्या, त्याचं पुढं सांगतो.

आवाहनाच्या नाही तर पूजनाच्या संध्याकाळी ढगानं वाट दिली तर पोरांना घेऊन गच्चीवर जा. दक्षिणेला, जरा पश्चिमेकडं झुकलेला, अर्ध्याच्या आसपासचा चंद्र दिसेल आणि त्याच्या आगेमागे एक लालसर तारा. तोच ज्येष्ठा, विंचवाच्या काळजातला. माझ्या नातवाला मी तो दाखवला तेव्हा त्यानं विचारलं, "आजोबा, आपल्या घरात आहे तीच का ही?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मोठी कोण आणि धाकटी कोण

मुखवटे दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. कुणी त्यांना गणपतीच्या बहिणी म्हणतात. कोकणात गौर ही त्याची आई, पार्वती, माहेरी आलेली. आमच्याकडं दोघी लक्ष्म्या, सासरहून तीन दिवसांसाठी आलेल्या, सोबत एक मुलगा आणि एक मुलगी. त्या लेकरांना आम्ही पिल्लं म्हणतो, ती दोघींच्या पुढ्यात बसतात.

मला अडलं ते श्रीसूक्तापाशी. पूजेच्या दिवशी गुरुजी अभिषेकाला श्रीसूक्त म्हणतात. लहानपणापासून ऐकत आलो, अर्थ कधी विचारला नव्हता. एका वर्षी पळीनं पाणी घालताना आठव्या ऋचेत कान अडकला : "क्षुत्पिपासामलां ज्येष्ठामलक्ष्मीं नाशयाम्यहम्". पूजा झाल्यावर विचारलं. गुरुजी म्हणाले, भूकतहानेनं मळलेली, थोरली, अलक्ष्मी, तिचा मी नाश करतो. आणि समोर कोण उभी? काजळ भरून, नथ घालून ज्येष्ठा! मी म्हटलं, गुरुजी, पाहुणीला तोंडावर असं म्हणायचं?

गुरुजींनी पुराणातली गोष्ट सांगितली. समुद्रमंथनात लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण वर आली. तिला कुणी घेईना. उद्दालक ऋषींशी लग्न लागलं, पण तिला वेदघोष सोसेना. ऋषींनी तिला पिंपळाखाली बसवलं आणि येतो म्हणून गेले ते आलेच नाहीत. ती रडत बसली. मग शनिवारी धाकटी तिला भेटायला येऊ लागली, म्हणून पिंपळाला शिवायचं तर शनिवारी. तामिळनाडूत पल्लवांच्या काळातल्या ज्येष्ठेच्या मूर्ती आहेत, कावळ्याचा ध्वज असलेल्या. एकेकाळी तिचीही देवळं होती. गुरुजींचं म्हणणं असं, की ती ज्येष्ठा वेगळी, आपल्या देवीचं नाव नक्षत्रावरून आलेलं.

आई माजघरात पुरण वाटत होती. तिथूनच म्हणाली, "वेगळी असू द्या नाही तर तीच असू द्या. भुकेली आहे ना? मग हाकलता कशाला, जेवायला वाढा. आणि आधी मोठीला."

शास्त्र कुणाच्या बाजूला ते जाणकारांनी बघावं. आमच्या घरी आईचं चालतं. साडी आधी मोठीला, कुंकू आधी मोठीला, पान आधी मोठीचं. आणि दोघींच्या साड्या एका तोलाच्या, एकीला पैठणी आणि दुसरीला सुती असं चालत नाही. तीन दिवसांचा नैवेद्यही मला तेव्हापासून कळायला लागला. पहिल्या संध्याकाळी भाजी-भाकरी, कारण दोघी वाटेनं दमून आल्या, पोटाला आधी साधं आणि लवकर हवं. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं. तिसऱ्या दिवशी दहीभात, वाटेला लावताना.

धड बांधणं

आमच्या वाड्यात पत्र्याच्या दोन कोठ्या होत्या, कंबरेला निमुळत्या. एकीत गहू, एकीत ज्वारी भरायची आणि वर मुखवटा बसवायचा. महालक्ष्मीचं धड म्हणजे घरातलं धान्य, हे सांगायला कुणी लागत नव्हतं, डोळ्यांना दिसत होतं. तीन दिवसांनी तेच धान्य पुन्हा कणगीत जायचं आणि वर्षभर आपण खायचो.

फ्लॅटमध्ये कोठ्या राहिल्या नाहीत. बाजारात लोखंडी सळ्यांचे स्टँड मिळतात, मीही तेच वापरतो. पण दोन गोष्टी कराच. एक, स्टँडच्या बुडाशी गोल पत्र्याचा डबा बसवून त्यात धान्य भरा, एकेकीत आठ-दहा किलो तरी. यात देवाचं काम होतं आणि भार खाली राहिल्यानं स्टँडही डुलत नाही. दोन, मुखवटा ज्या आट्यावर बसतो तिथं एक नट लावून थांबू नका. वर दुसरा नट घट्ट आवळा, खाली वायसर टाका. जन्मभर गाड्यांना चेकनट लावणाऱ्या माणसानं २०१३ साली हे केलं नाही. आरतीच्या वेळी कुणाच्या तरी पोरानं धाकटीचा पदर ओढला आणि तिनं सगळ्यांसमोर मान खाली घातली. मुखवटा पितळेचा, दीड किलोचा. खालच्या पुरणपोळ्यांच्या ताटात पडला म्हणून पोचा आला नाही. बायको वर्षभर ऐकवत होती.

उंची ठरवताना मुखवटा धरून मोजा. जमिनीपासून कपाळापर्यंत साडेतीन-चार फूट पुरे. त्याहून उंच केल्या तर सहावारी साडीचा घोळ कमी पडतो आणि स्टँडचे पाय दिसतात.

पितळी मुखवटे चिंचेनं घासा, वरून कोरड्या रांगोळीचा हात फिरवा, पाण्यानं धुऊन लगेच पुसा. डोळे रंगवलेले असतील तर चिंच तिथं लावायची नाही. आमच्या मुखवट्यांच्या बुबुळांत दरवर्षी काजळ भरतात, ते बायको करते. बोटं वाकडी झाली तरी तेवढं मला देत नाही.

साडी

हे मात्र सविस्तर.

साडी निवडताना देखणेपण नंतर बघा, आधी बोटांत धरून बघा. निसरडं रेशीम स्टँडवर टिकत नाही. खांद्यावरचा पदर तासाभरात कोपरावर येतो. इरकल उत्तम, तिला अंग असतं. सुती काठपदर, खळ दिलेली, तीही उत्तम. पैठणी नेसवायचीच असेल तर आतून जुन्या सुती साडीचा थर द्या, पिन धरायला काही तरी लागतं.

आदल्या रात्री साडी सतरंजीवर पसरा. आधी पदर. काठ वर ठेवून चार-चार बोटांच्या घड्या घालत या, पाच-सहा होतील, त्यांना खांद्याच्या जागी कपड्याचा चिमटा लावा. मग दुसऱ्या टोकाकडून एक हात कापड सोडा, ते कंबरेला गुंडाळायला लागतं. तिथून पुढं निऱ्या, एक वीत रुंदीच्या, सात किंवा नऊ. माणसाच्या साडीला निऱ्या लहान चालतात, कारण माणूस चालतो आणि त्या उलगडतात. महालक्ष्मी उभीच असते. लहान निऱ्या तिच्यावर जुडीसारख्या दिसतात. प्रत्येक निरीचा खालचा काठ आधीच्या काठावर बरोबर बसला पाहिजे. वरून कोमट इस्त्री फिरवा, वर एक चिमटा आणि खाली एक. अशी तयार साडी घडी न मोडता पाटावर ठेवून द्या.

आता स्टँडला कंबर नसते, ती करावी लागते. सळईभोवती जुना टॉवेल गुंडाळा आणि नाडीनं करकचून बांधा. त्यावर परकर. परकर थोडा घेरदार आणि कडक खळीचा, म्हणजे साडी आत पडत नाही. वरच्या आडव्या काठीला ब्लाउज घालून आत कापूस भरा. कापूस दोन्हीकडं तोलून भरा, नाही तर एक खांदा उतरलेला दिसतो आणि देवी रुसल्यासारखी वाटते. हात कापडाचे असोत की पितळेचे, ते ब्लाउजच्या बाहीतून साडीच्या आधी बसवायचे. मी पहिल्या वर्षी नंतर बसवायला गेलो आणि सगळी साडी परत सोडावी लागली.

मग निऱ्यांचा गठ्ठा चिमट्यासकट समोर धरा, परकराच्या नाडीत खोचा, आतून दोन पिना. राहिलेलं कापड मागून घेऊन डाव्या खांद्यावर पदर. खांद्याला पिन आतून लावा, टोक बाहेर दिसता कामा नये. चिमटे शेवटी काढा. ते काढल्यावर निऱ्या जराशा श्वास सोडल्यासारख्या फुलतात. त्या वेळी हात लावायचा नाही. मला हे समजायला तीन वर्षं लागली. सारखं नीट करत बसलं की बिघडतं.

पिना मोजून घ्या. मी वाटीत मोजून चव्वेचाळीस घेतो, दोघींच्या मिळून. मोजायचं का, ते शेवटी सांगतो.

मुखवटा आणि ब्लाउज यांच्यामध्ये जी फट राहते ती झाकायला ठुशी. ती मानेलगत बसते, म्हणून सगळ्यांत आधी. मग मंगळसूत्र, मग लांब माळा. डोक्यावरून पदर घ्यायचा असेल तर मागं आतून एक टाका घाला, पिनेनं तिथं चुण्या पडतात. नथ सगळ्यांत शेवटी, ती घातली की पुढं काही करायला जायचं नाही.

घरात घेणं

मुखवटे दाराबाहेर नाही तर तुळशीपाशी नेऊन ठेवतात. तिथून आत येताना दोन सवाष्णी एकेक मुखवटा हातात घेतात. उंबरठ्यावर धान्यानं भरलेलं माप, ते लवंडून आत यायचं. दारापासून देवघरापर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत, कपाटापर्यंत कुंकवाची नाही तर रांगोळीची पावलं काढलेली असतात. फ्लॅटमध्ये पावलं अठरा निघोत की आठ, ती धान्याच्या डब्यापर्यंत गेली पाहिजेत. रांगोळीत एकदा मूठ बुडवून जमिनीवर कडेनं टेकवली आणि वर बोटांनी पाच ठिपके दिले की पाऊल होतं.

कुणी तरी मागून पळीनं ताट वाजवतं. एकजण विचारतो, "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली?" सगळे म्हणतात, "सोन्याच्या पावलांनी आली." मग हळदीकुंकवाच्या, धनधान्याच्या, लेकराबाळांच्या. हे म्हणत सगळ्या खोल्या दाखवायच्या. आमची सून मुखवटा हातात घेऊन फ्रिज उघडून दाखवते. आई असती तर तिनं डोळे वटारले असते, पण मला ते पटतं. पूर्वी कणगी दाखवायचे, आता अन्न तिथं असतं.

मग मुखवटे धडांवर बसवायचे. आमच्याकडं मोठी आपल्या उजव्या हाताला. बसवल्यावर नट आवळायला मी मागं पान्यासह उभा असतो. पिल्लं पुढ्यात, त्यांच्यासमोर गहू-तांदळाच्या राशी. संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि मेथी नाही तर शेपूची भाजी, एवढाच नैवेद्य. पाहुण्यांसाठी त्या रात्री दुसरं काही करत बसू नका. खरी दगदग उद्या आहे.

सोळाची मोजणी

दुसऱ्या दिवशी सगळं सोळा. सोळा उपचारांची पूजा, सोळा प्रकारची पत्री, सोळा भाज्या, सोळा पदरांचा हळदीत भिजवलेला दोरा आणि त्याला सोळा गाठी. सोळाचा अर्थ विचाराल तर षोडशोपचार हे सरळ उत्तर. आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंत मोजले की सोळा भरतात, आणि ते म्हणजे पाहुणा दारात आल्यापासून त्याला पाट, पाय धुवायला पाणी, आंघोळ, कापड, जेवण, विडा देण्यापर्यंतची रीतच आहे.

सोळा भाज्यांना घाबरू नका. सोळा कढया मांडायच्या नसतात. लाल भोपळा, दोडका, गवार, भेंडी, पडवळ, घोसाळी, तोंडली, चवळीच्या शेंगा, अशा मिळतील त्या मिळून सोळाचा आकडा भरला की एकच मिसळीची भाजी होते. वेगळ्या म्हणून अळू, अंबाडी आणि कारलं करतात. भाजीवाल्याकडं त्या आठवड्यात सोळा भाज्यांचा वाटा मिळतो, मी मोजून घेतो, बहुतेक वेळा चौदाच निघतात.

आंबील मात्र चुकवू नका. ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून सतत ढवळायचं, जिरं, आलं, मीठ, ओलं खोबरं. पुरणपोळीचं जडपण तीच उतरवते. पुरणाला आमच्याकडं हरभऱ्याची डाळ आणि गूळ सम प्रमाणात. त्याच पुरणाचे छोटे दिवे करून आरती होते. दिव्याचं पुरण घट्ट ठेवा, तूप घातल्यावर ते बसतं. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगायचा : करंजी, पापडी, आणि तळलेली वेणी, फणी, आरसा. देवीच्या शृंगाराचं सामान, पण कणकेचं. दोरा पक्का ओवा, आमच्याकडं एकदा फणी तुटून गुरुजींच्या डोक्यावर आली.

पान आधी मोठीचं वाढायचं, हे पुन्हा सांगतो. मग धाकटीचं, मग पिल्लांचं, मग सवाष्ण-ब्राह्मणाचं. पडदा ओढून जरा वेळ दोघींना एकटं सोडतात. जेवताना माणसानं माणसाकडं बघू नये, ते देवीलाही लागू.

संध्याकाळी हळदीकुंकू आणि कहाणी. कहाणी वगळू नका, पाच मिनिटं लागतात. आटपाट नगरातला गरीब ब्राह्मण, पोरं हट्ट धरतात, आपल्याकडंही गौर आणा. घरात दाणा नाही. तो जीव द्यायला तळ्यावर जातो आणि तिथं एक म्हातारी भेटते. तिला घरी आणतो. बायको कण्यांसाठी मडक्यात हात घालते तर मडकं भरलेलं. म्हातारी पोटभर जेवते, दुसऱ्या दिवशी घावन मागते, मग खीर मागते. जाताना वाळू देते : घरभर टाक, हंड्यावर टाक, पेटीत टाक, गोठ्यात टाक. मी ही कहाणी वाचतो तेव्हा मला आईचंच बोलणं आठवतं. तळ्यावर भेटली ती कोण होती, मोठी की धाकटी? म्हातारी, भुकेली, परक्याच्या दारात आलेली. धाकटी नक्कीच नाही.

पाठवणी

तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर दोऱ्याच्या गाठी बांधतात. गाठीत हळद, रेशीम, फूल, बेल, झेंडूचं पान, भोपळ्याचं फूल, खारीक. त्या घरातल्या बायका घेतात. नैवेद्य शेवयांची खीर आणि दहीभात. मग आरती, अक्षता टाकायच्या आणि मुखवटा दोन्ही हातांत धरून जरासा हलवायचा. पितळी मुखवटे पाण्यात घालत नाहीत, हलवले की विसर्जन झालं. हलवायच्या आधी वरचा नट सैल करून ठेवा, नाही तर तिथं ओढाताण होते आणि बरं दिसत नाही. इथंही आधी मोठीला.

आमच्या घरातलं कुणी तरी नदीवर जाऊन मूठभर वाळू आणतं आणि ती घरभर टाकतो. सून दुसऱ्या दिवशी झाडून काढते. कोपऱ्यातली राहू देते, डब्यांच्या मागची.

आता आवराआवर. ती त्याच रात्री करू नका, आणि एकट्यानं करू नका. फुलं वेगळी. दागिने आधी उतरवा, नथ स्वतंत्र डबीत कापसावर. ब्लाउजमधला कापूस काढून उन्हात टाका. मुखवटे मऊ सुती कापडात गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवा, तोंड वर करून. डब्यातले गहू दिवाळीपर्यंत वापरात घ्या आणि मुखवट्यांसाठी नवे भरा.

आणि पिना मोजा. चव्वेचाळीस लावल्या तर चव्वेचाळीस परत वाटीत आल्या पाहिजेत. २०१६ साली त्रेचाळीस आल्या. दोन्ही साड्या झटकल्या, सतरंजी झटकली, मिळाली नाही. मोठीची इरकल बायकोनं पाडव्याला ओवाळताना नेसली आणि पाटावर बसायला गेली. पिन होती तिथंच होती, आतून लावलेली, टोक बाहेर न दिसणारी. माझीच कारागिरी.